रसायनाचार्य त्रिभुवनदास गज्जर

मोर्शी, अचलपूर, अकोट या बाजूची वऱ्हाडची जमीन काळी आणि कसदार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जमिनीत पिकलेला कापूस गाठी बांधून आगगाडीने मुंबईस जाई आणि तेथून जहाजाने विलायतेस रवाना होई. काही महिन्यांनी विलायतेतून छापील, रंगीत कापडाचे तागे परत येत आणि ज्या बाजारातून कापूस गेला त्याच बाजारात मांडले जात. कापूस येथला, अंगावर घालणाराही येथलाच. परंतु सूत, वीण आणि रंग मात्र परदेशचे. यातली रंगाची गोष्ट विशेष चटका लावणारी होती, कारण रंगाची विद्या या भागात पूर्वापार नांदत आली होती. वऱ्हाडात आणि त्याला लागून असलेल्या मध्यप्रांतात शेतकरी आलाची लागवड करीत. तीन-चार वर्षे झाड जमिनीत ठेवून त्याची मुळे खणून काढीत. या मुळांपासून पक्का तांबडा रंग तयार होई. खादीचे जाडेभरडे कापड, पासोड्या, लुगडी या रंगात रंगविली जात आणि कापड फाटले तरी रंग उडत नसे.

ही विद्या फार थोड्या वर्षांत लयाला गेली. १८५६ साली पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या द्रव्यात योगायोगाने जांभळा रंग सापडला. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमन या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या मुळांतील तांबडे रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. त्यास अलिझरीन म्हणतात. आलातील रंगद्रव्य रासायनिक दृष्ट्या याच कुळातले आहे. डांबरातून निघणारा हा रंग स्वस्त होता, डब्यात भरून मिळत होता आणि त्यासाठी चार वर्षे शेत अडवून ठेवावे लागत नव्हते. आलाची शेते मोडली. रंगाऱ्याच्या हातात विलायती डबा आला. परंतु डब्यावरील अक्षरे त्याला वाचता येत नव्हती आणि आतल्या द्रव्याचा स्वभाव त्याला ठाऊक नव्हता. ज्यांना ती अक्षरे वाचता येत होती त्या पदवीधरांनी रंगाची कढई कधी जवळून पाहिली नव्हती. रंगाऱ्याचा हात आणि पदवीधराची विद्या यांची गाठ घालून देण्यासाठी ज्या पुरुषाने आपले आयुष्य वेचले, ते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर होत.

त्रिभुवनदासांचा जन्म १८६३ साली सुरत येथे झाला. त्यांचे घराणे सुतारकाम करणाऱ्यांचे. वडील कल्याणदास हे लाकडी बांधकामातील नामांकित कारागीर होते आणि शिल्पशास्त्राचीही त्यांना चांगली जाण होती. घरात करवत, रंधा, गुण्या यांच्या सहवासात मुलगा वाढला. कागदावरची रेघ आणि लाकडावरची रेघ यांत किती अंतर असते, हे त्याला पुस्तके हाती येण्यापूर्वीच कळले. त्या काळी कारागिराचा मुलगा बापाचा धंदा पुढे चालवी; तो महाविद्यालयापर्यंत पोचणे ही दुर्मीळ गोष्ट होती. पोचलाच, तर हत्यारे कायमची खाली ठेवून कचेरीत नोकरी धरणे हेच त्याच्या उन्नतीचे लक्षण समजले जाई. त्रिभुवनदासांनी शिक्षण घेतले, पण हत्यारांविषयीचा आदर सोडला नाही. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ येथे आहे.

शालेय शिक्षण संपवून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. रसायनशास्त्र हा त्यांचा आवडीचा विषय ठरला आणि त्यात त्यांनी उत्तम यश मिळविले. मुंबई विद्यापीठातून तेव्हा वकील बाहेर पडत, न्यायाधीश बाहेर पडत, कारकून तर शेकड्यांनी बाहेर पडत. कारखानदार मात्र सहसा बाहेर पडत नसत. विज्ञान शिकविले जाई तेही बहुधा पुस्तकातून. मूलद्रव्यांची नावे पाठ म्हणणारा विद्यार्थी तुरटीच्या खड्याचा उपयोग काय, हे सांगू शकत नसे. पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीचा सोपा मार्ग त्रिभुवनदासांना मोकळा होता. त्यांच्या मनाने मात्र उद्योगशिक्षणाचा ध्यास घेतला होता.

१८८६ साली ते बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. बडोद्यास येणे हा त्यांच्या आयुष्यातील भाग्ययोग म्हटला पाहिजे. तेथील गादीवर त्या वेळी महाराज सयाजीराव गायकवाड होते. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातले. १८७५ साली दत्तक येऊन ते राजपदावर बसले आणि १८८१ साली राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्यांचाही जन्म १८६३ सालचाच. शेतकऱ्याच्या घरातून आलेला राजा आणि सुताराच्या घरातून आलेला प्राध्यापक असे दोन समवयस्क तरुण एका नगरीत एकत्र आले. प्रजेला साक्षर करून भागणार नाही, तिच्या हाताला नवे कौशल्य मिळाले पाहिजे, हे दोघांनाही पटलेले होते. या ऐकमत्यातून १८९० साली बडोद्यात कलाभवनाची स्थापना झाली आणि त्याच्या प्रमुखपदी त्रिभुवनदासांची नेमणूक झाली. त्यांचे वय तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते.

कलाभवन ही त्या काळातील अपूर्व संस्था होती. रंगविद्या, विणकाम, यंत्रविद्या, स्थापत्य, चित्रकला, सुतारकाम असे नाना विषय एका छपराखाली शिकविले जात. जर्मनीतूनही अध्यापक आणविले होते. परंतु कलाभवनाचे खरे वैशिष्ट्य शिक्षणाच्या माध्यमात होते. उच्च प्रतीचे औद्योगिक शिक्षण तेथे गुजराती आणि मराठी या देशी भाषांतून देण्याचा उपक्रम त्रिभुवनदासांनी आरंभिला. इंग्रजी हे ज्ञानाचे दार असले, तरी त्या दारात कारागिराच्या मुलाने सात-आठ वर्षे अडकून पडावे आणि तोपर्यंत त्याच्या हाताचे वळण बिघडून जावे, हे त्यांना मान्य नव्हते. जपानसारख्या देशाने पाश्चात्य विद्या आपल्या भाषेत आणून कारखाने उभे केले होते. ते येथे का होऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता.

हे काम बोलण्याइतके सोपे नव्हते. वर्गात उभे राहिले की पहिली अडचण शब्दांची पडे. रसायनशास्त्रातील शेकडो संज्ञांना देशी प्रतिशब्दच नव्हते. काही ठिकाणी कारागिरांच्या बोलीत नेमका शब्द सापडे, काही ठिकाणी संस्कृतचा आधार घ्यावा लागे आणि काही ठिकाणी परका शब्द आहे तसा स्वीकारण्यावाचून गत्यंतर नसे. त्रिभुवनदासांनी यासाठी अनेक भाषांतील शास्त्रीय शब्दांचा कोश रचण्याची योजना आखली, ‘ज्ञानमंजूषा’ या नावाने पुस्तकांची माला काढण्याचे काम हाती घेतले आणि रंगविद्येला वाहिलेले ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिक चालविले. महाराजांनी ग्रंथनिर्मितीसाठी मोठी रक्कम मंजूर केली. एका माणसाच्या आयुष्यात पुरे होणारे हे काम नव्हते. तसे ते झालेही नाही. तरीसुद्धा विज्ञान मराठी-गुजरातीत सांगता येते, हे वर्गात उभे राहून त्यांनी दाखवून दिले, ही गोष्ट थोडी नव्हे.

या संस्थेत शिकून गेलेल्यांत एक नाव महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाची विद्या बडोद्याच्या कलाभवनात आत्मसात केली. प्रकाशाने काळी पडणारी चांदीची लवणे, ती धुण्याची द्रावणे, पक्की करण्याची कृती हे सारे रसायनशास्त्रच आहे. १९१३ साली पडद्यावर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्रा’च्या मुळाशी कलाभवनात गिरविलेला हा धडाही होता.

त्रिभुवनदासांचे विशेष लक्ष रंगविद्येकडे होते. आपले रंगारी अडाणी नव्हते. आलात कापड बुडविण्यापूर्वी ते तेलात मळावे, हिरड्याच्या पाण्यात भिजवावे, तुरटीत खळवावे, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. तुरटीऐवजी हिराकस वापरला तर रंग काळपट जांभळा उतरतो, हेही ते जाणत. असे का होते, हे मात्र त्यांना सांगता येत नसे. तुरटीतील ॲल्युमिनियम धाग्याला एका बाजूने धरून ठेवते आणि दुसऱ्या बाजूने रंगद्रव्याचा हात धरते. म्हणून अशा पदार्थास रंगबंधक म्हणतात. हिराकसात ॲल्युमिनियमच्या जागी लोह असते, आणि बंधक बदलला की छटाही बदलते. हे कारण एकदा समजले, की कोणताही नवा रंग हाती आला तरी रंगारी गोंधळत नाही. त्रिभुवनदासांना रंगाऱ्याची कृती मोडायची नव्हती. त्या कृतीमागचे कारण त्याच्या हाती द्यायचे होते.

परदेशी रंग वापरण्यास शिकवून त्यांनी देशी रंगांच्या नाशाला हातभार लावला, असा आक्षेप त्यांच्यावर घेता येईल. तो अगदीच निराधार नाही. जर्मन कारखान्यांचे रंग कसे वापरावेत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगावच्या रंगाऱ्यांना शिकविले आणि त्या कारखान्यांचा व्यापारही वाढला. तथापि आलाची शेते त्यापूर्वीच मोडू लागली होती. १८९७ साली जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली, तेव्हा बिहारच्या निळीचीही तीच गत झाली. ज्ञानावाचून त्या लाटेस कोणी अडवू शकले नसते. डबा वापरावयास शिकलेला माणूसच पुढे डब्यातला रंग बनविण्याचा विचार करू शकतो, ही त्रिभुवनदासांची भूमिका अधिक दूरदर्शीपणाची होती.

संस्था वाढली तशा अडचणीही वाढल्या. राजाची इच्छा एक असते आणि दरबारातील अधिकाऱ्यांची रीत दुसरी असते. पुस्तकांना वेळ फार लागतो, खर्च फार येतो, त्याचे फळ लगेच दिसत नाही, अशी कुरबूर सुरू झाली. त्रिभुवनदासांना विलंबाचा तिटकारा होता आणि फायलींच्या कामात त्यांचे मन रमत नसे. १८९६ साली त्यांनी बडोदे सोडले. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी स्वतः वाढविलेले झाड दुसऱ्याच्या स्वाधीन करून निघताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. ग्रंथमालेचे आणि कोशाचे काम अपुरे राहिले. आपल्या भाषांचे त्यात झालेले नुकसान कलाभवनाच्या नुकसानापेक्षाही मोठे आहे.

ते मुंबईस आले आणि विल्सन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते वर्ष मुंबईच्या इतिहासात काळे म्हणून नोंदले गेले आहे. सप्टेंबरात मांडवी भागात ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगाची साथ उद्भवली आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. रशियातून आलेले हाफकिन हे शास्त्रज्ञ प्लेगाची लस शोधण्यात गुंतले होते; १८९७च्या जानेवारीत त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्रिभुवनदासांनी आपल्या विद्येप्रमाणे दुसरा मार्ग धरला. आयोडीन आणि क्लोरीन यांच्या संयोगाने होणारे आयोडीन ट्रायक्लोराइड हे जंतुनाशक द्रव्य त्यांनी प्लेगावर औषध म्हणून सिद्ध केले आणि रोग्यांसाठी पुरविले. त्याचा अनेकांना गुण आल्याचे त्या वेळी सांगितले जाई. प्लेगावर खरोखर हुकमी इलाज पुढे अर्धशतकाने, स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधानंतर हाती आला, हे लक्षात घेता त्या औषधाची महती फुगवून सांगण्याचे कारण नाही. लोक शहर सोडून पळत असताना एक नवखा प्राध्यापक प्रयोगशाळेत औषध बनवीत बसला होता, एवढेच सांगणे पुरे आहे.

याच सुमारास एका वेगळ्याच प्रकरणाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मुंबईच्या कोट भागात व्हिक्टोरिया राणीचा शुभ्र संगमरवरी पुतळा होता. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी तो शहरास भेट दिला होता आणि १८७२ साली त्याचे अनावरण झाले होते. १८९६च्या ऑक्टोबरात एके रात्री कोणी तरी या पुतळ्याच्या तोंडास डांबर फासले. सरकारची मोठीच नाचक्की झाली. हे कृत्य पुण्याच्या दामोदर हरी चापेकर व त्यांच्या बंधूंचे होते, हे पुढे रँडच्या वधाच्या प्रकरणात दामोदरपंत पकडले गेल्यावर उघड झाले. १८९८ साली ते फासावर गेले.

डांबर संगमरवराच्या रंध्रांत खोल मुरले होते. ते काढण्याचे अनेक प्रयत्न फसले. खरवडावे तर शिल्पाची रेषा बिघडे. आम्लाने धुवावे तर दगडच विरघळे, कारण संगमरवर म्हणजे चुनखडीच होय आणि आम्लाचा थेंब पडताच तिला फेस येतो. त्रिभुवनदासांनी हे काम अंगावर घेतले. दगडाला धक्का न लावता आतले डांबर तेवढे बाहेर काढायचे, असा हा प्रश्न होता. चिकाटीने प्रयोग करून त्यांनी तो सोडविला आणि पुतळा पूर्ववत पांढरा झाला. जे विलायतेच्या तज्ज्ञांना साधले नाही ते एका देशी रसायनशास्त्रज्ञाने केले, याचा लोकांना अभिमान वाटला. काहींना मात्र देशभक्ताने फासलेले डांबर देशबांधवानेच पुसावे, याची खंतही वाटली असेल. दोन्ही भावना समजण्यासारख्या आहेत. त्रिभुवनदासांच्या दृष्टीने तो रसायनशास्त्रातील एक अवघड प्रश्न होता, आणि तो या देशातच सुटला पाहिजे, ही त्यांची ईर्षा होती. ज्या डांबरातून जर्मनांनी रंगांचे साम्राज्य उभे केले, त्याच डांबराने त्यांना देशभर कीर्ती मिळवून दिली, हा दैवाचा खेळच म्हणावा लागेल.

संगमरवराने कीर्ती दिली आणि मोत्यांनी पैसा दिला. इराणच्या आखातातील मोत्यांचा मुंबई हा फार मोठा बाजार होता. जुनी मोती कालांतराने पिवळी पडतात, काहींवर डाग असतात, आणि मग त्यांना कवडीचेही मोल येत नाही. मोतीही संगमरवराप्रमाणेच चुन्याच्या कार्बोनेटचे बनलेले असते. फरक एवढाच, की त्याचे थर केसाहून बारीक असतात आणि चकाकी त्या थरांतच असते. म्हणजे पुतळ्याचाच प्रश्न येथे अधिक नाजूक रूपात पुढे आला. त्रिभुवनदासांनी मोती स्वच्छ करून त्यांचे पाणी परत आणण्याची कृती शोधून काढली. जव्हेऱ्यांची त्यांच्या दारी रीघ लागली आणि प्राध्यापकाच्या वेतनातून कधीही मिळाली नसती एवढी संपत्ती त्यांच्याकडे आली.

या पैशाचे त्यांनी काय केले, यावरून माणसाची परीक्षा होते. गिरगावात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली होती. तिला टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी असे नाव होते. त्या वेळी मुंबईत रसायनशास्त्राचे उच्च प्रायोगिक शिक्षण घेण्याची पुरेशी सोय नव्हती. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था १९२० साली सुरू झाली आणि विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली. त्यापूर्वी वीस-तीस वर्षे एका खाजगी माणसाची प्रयोगशाळा हे काम करीत होती. विद्यापीठाने तिला उच्च शिक्षणासाठी मान्यता दिली. एका टेबलावर व्यापाऱ्याच्या मालाची परीक्षा चाले, दुसऱ्यावर विद्यार्थ्याचा प्रयोग मांडलेला असे. येथे कारखान्याचा रसायनज्ञ आणि प्राध्यापक हे दोघे एकच झाले होते. बडोद्यात राजाच्या आश्रयाने जे साधू पाहिले, ते मुंबईत त्यांनी स्वतःच्या मिळकतीवर चालविले.

बंगालमध्ये याच काळात प्रफुल्लचंद्र राय असेच कार्य करीत होते. प्राध्यापकी सांभाळून त्यांनी बेंगॉल केमिकल हा कारखाना उभा केला. पश्चिम भारतात त्याचे उत्तर त्रिभुवनदासांच्या शिष्यांनी दिले. कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन या दोघा शिष्यांनी गुरूच्या साहाय्याने १९०७ साली मुंबईत परळ येथे अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी स्थापन केली. अलेंबिक म्हणजे अर्क काढण्याचे जुन्या रसायनवाद्यांचे पात्र. मद्यार्क आणि औषधी अर्क तयार करण्यापासून आरंभ करून हा कारखाना पुढे बडोद्यास नावारूपाला आला. ज्या गावातून त्रिभुवनदास खिन्न मनाने निघून गेले होते, त्याच गावात त्यांच्या शिष्यांचा कारखाना उभा राहिला.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि जर्मनीहून येणारे रंग एकाएकी बंद झाले. रंगांचे भाव भडकले, गिरण्या आणि रंगारी दोघेही हवालदिल झाले, मोडीत निघालेल्या निळीला पुन्हा थोडे दिवस किंमत आली. आल मात्र परत आला नाही. ती शेते आणि ते हात दोन्ही नाहीसे झाले होते. या देशात रंग बनविणारा माणूस नसेल तर काय ओढवते, याची जी सूचना त्रिभुवनदास पंचवीस वर्षे देत होते, तिचा प्रत्यय त्यांना डोळ्यांनी पाहावा लागला. कृत्रिम रंगांचे मोठे कारखाने या देशात उभे राहिले ते स्वातंत्र्यानंतर. वलसाडजवळील अतुल येथील कारखान्याची कंपनी १९४७ साली निघाली.

ते पाहण्यास त्रिभुवनदास नव्हते. १९२० साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्यांचे निधन झाले. राणीचा पुतळा कोटातून हलविला गेला आणि आता तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. कलाभवन १९४९ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाविष्ट झाले. त्याच्या इमारतीत आजही यंत्रविद्या आणि रसायनतंत्र शिकविले जाते; शिक्षणाची भाषा मात्र इंग्रजी आहे.